डिस्चार्जच्या वेळी औषधं बेडवर आणून दिली तर पेशंट परत अ‍ॅडमिट व्हायचे कमी होतात का?

सावली_ओहायो
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेतल्या ओहायोत एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. आमच्याकडे गेली काही वर्षं 'मेड्स टू बेड्स' चालू आहे. पेशंट घरी निघायच्या आधी त्याची नवीन औषधं खालच्या फार्मसीत भरायची, इन्शुरन्स लावून बघायचा, कोपे (पेशंटने स्वतः भरायचा हिस्सा) बेडपाशीच कार्डाने घ्यायचा आणि पिशवी हातात द्यायची. सोबत फार्मसिस्ट जातो, कुठली गोळी नवीन, कुठली बंद, कशाचा डोस बदलला हे दहा-पंधरा मिनिटं बसून समजावतो.

आता वरून विचारणा झाली आहे की पिशवी पोचवायला टेक्निशियन पुरतो, फार्मसिस्टने वर कशाला जायचं, रीअ‍ॅडमिशनचा आकडा तर फारसा हललेला नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ऑक्टोबर २०१२ पासून मेडिकेअर (मुख्यतः वयस्करांचा सरकारी विमा) इथल्या हॉस्पिटलांना दंड लावतं. हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर, न्यूमोनिया अशा ठरावीक आजारांचे पेशंट ३० दिवसांत अपेक्षेपेक्षा जास्त परत आले तर पेमेंट कापतात, सुरुवातीला जास्तीत जास्त १ टक्का होतं, आता ३ टक्क्यांपर्यंत जातं. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक गोष्ट त्या ३० दिवसांच्या फुटपट्टीने मोजली जाते.

माझं मत स्पष्ट आहे, ते बेडपाशी बसून बोलणं काढून टाकलं तर उरते ती फक्त पार्सल सेवा. पण मीटिंगमध्ये मत चालत नाही. तुमचे अनुभव सांगा, पेशंट म्हणून, नातेवाईक म्हणून, डॉक्टर-नर्स म्हणून. विरोधी मतं असतील तर ती आधी सांगा.

कट्ट्यावरचा_अण्णा
रुमाल टाकून ठेवतो. विषय जिव्हाळ्याचा आहे, रात्री सविस्तर लिहितो.

पेठकर
मला एक कळलं नाही, यात नवीन काय? आमच्या पुण्यात प्रत्येक हॉस्पिटलच्या खाली मेडिकल असतंच, सिस्टर चिठ्ठी देतात, आपण खाली जातो, पिशवी घेऊन वर येतो. आमच्याकडे ही सेवा पेशंटच्या मुलाकडे किंवा जावयाकडे असते आणि ती चोवीस तास चालू असते :)
गंमत सोडा, पण अमेरिकेत पेशंट औषधाशिवाय घरी जातो हेच मला पटेना. म्हणजे डिस्चार्ज देताना हातात काहीच देत नाहीत?

न्यूजर्सीकर_दादा
@पेठकर, नाही देत. प्रिस्क्रिप्शन कॉम्प्युटरवरून तुमच्या घराजवळच्या फार्मसीत जातं आणि तुम्ही घरी जाता जाता उचलायचं अशी अपेक्षा असते. आता ऐका काय होतं ते. मला मागे स्टेंट बसवला, शुक्रवारी संध्याकाळी सोडलं, घरी जाता जाता फार्मसीच्या खिडकीशी गाडी लावली तर म्हणे एका औषधाला इन्शुरन्सची आधी परवानगी लागते, डॉक्टरच्या ऑफिसला फॅक्स केलाय, सोमवारी बघू. रक्त पातळ ठेवायची गोळी हो, स्टेंटसाठी सगळ्यात महत्त्वाची! बायको रडकुंडीला आली. शेवटी हॉस्पिटलच्या मजल्यावर फोन करून करून ड्युटीवरच्या डॉक्टरला गाठलं, त्याने दुसरी, परवानगी न लागणारी गोळी लिहून दिली. पिशवी बेडवर आली असती तर हा प्रश्न मी हॉस्पिटलात असतानाच कळला असता. मला पार्सल सेवा म्हणूनसुद्धा ही चालेल सावलीताई, नुसती पिशवी म्हणजे काही नाही असं कृपया म्हणू नका.

सावली_ओहायो
दादा, मुद्दा मान्य. इन्शुरन्स आधीच लावून बघणं हा यातला सगळ्यात न दिसणारा भाग आहे, आम्ही सकाळीच क्लेम टाकून बघतो आणि कोपे जास्त निघाला तर डॉक्टरला पर्याय सुचवतो. आणि तुम्ही सांगितलंत त्याच्यावर अभ्यास झालेला आहे. २०१० मध्ये आलेल्या एका पाहणीत औषधवाला स्टेंट बसवलेल्या सात हजारांवर पेशंटची माहिती तपासली होती, त्यात दर सहा जणांमागे एकाने क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, डिस्चार्जच्या दिवशी उचललंच नव्हतं आणि अशा लोकांत पुढे हार्ट अटॅक किंवा मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या अभ्यासात पहिल्यांदाच लिहिलेल्या औषधांची २८ टक्के ई-प्रिस्क्रिप्शनं कोणी उचललीच नव्हती.

आकडेमोड
बॉस्टनहून लिहितोय, काम आकडेवारीचंच आहे. सावली यांनी विरोधी मतं आधी मागितली आहेत म्हणून जरा कडक लिहितो, राग मानू नये.

बेडवर औषधं देण्याचे जे अभ्यास मी पाहिलेत त्यातले बरेचसे एकेका हॉस्पिटलचे आणि मागे वळून केलेले आहेत. त्यात पिशवी कोण घेतं ते बघा. दिवसा डिस्चार्ज होणारा, इन्शुरन्स असलेला, घरी जाणारा, सोबत माणूस असलेला पेशंट. जो नर्सिंग होमला जातो, जो रात्री नऊला निघतो, जो वैतागून सही करून निघून जातो, तो या गटात येतच नाही, आणि परत येण्याची शक्यता त्याचीच जास्त असते. मग 'पिशवी घेतलेले कमी परत आले' यातून पिशवीचं श्रेय किती आणि माणसाचं किती? २०१४ च्या एका अभ्यासात बेडवर औषधं आणि नंतर फोन हे न मिळालेल्यांमध्ये परत येण्याची शक्यता जवळपास दुप्पट दिसली होती, तो सगळीकडे दाखवला जातो, पण त्यातही सेवा कोणाला मिळणार आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं.

आता चिठ्ठ्या टाकून केलेला बघा. पिल-सीव्हीडी नावाची चाचणी, २०१२, नॅशव्हिल आणि बॉस्टनमधली दोन मोठी हॉस्पिटलं, ८५१ हृदयरोगी. फार्मसिस्टने औषधं जुळवून पाहिली, समजावलं, घरी फोन केला. पहिल्या महिन्यात औषधांच्या दखल घेण्याजोग्या चुका किंवा त्रास दोन्ही गटांत साधारण निम्म्या लोकांना झाले, फरक पडला नाही. म्हणजे सावली, तुमचं 'बोलण्यानेच फरक पडतो' हेही तितकं सोपं नाहीये.

शिवाय या क्षेत्रात आधी-नंतर तुलना फार फसवी असते. न्यू जर्सीतल्या कॅमडेनचा प्रयोग आठवा, वारंवार अ‍ॅडमिट होणाऱ्या लोकांच्या घरी जाऊन मदत करायचे, सगळीकडे कौतुक झालं होतं. २०२० मध्ये चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीचा निकाल आला तर सहा महिन्यांत परत येणारे दोन्ही गटांत ६२ टक्क्यांच्या आसपास. माणूस अगदी वाईट काळात असताना गटात घेतला की नंतर तो आपोआपच थोडा सुधारतो, श्रेय योजनेला जातं.

चहा_बिस्किट
बाप रे, आकडेमोड सर, एवढं थंड पाणी ओतू नका.

निवृत्त_सिस्टर
मिरजेत आणि नंतर सांगलीत बरीच वर्षं वॉर्डात काढली आहेत म्हणून लिहिते. आकडेमोड यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. का ते सांगते.

पेशंट घरी गेल्यावर खरा घोळ नव्या पिशवीचा नसतोच, जुन्या डब्याचा असतो. घरी आधीची बीपीची गोळी आहे, आम्ही नवीन कंपनीची तीच गोळी लिहून दिली, कार्डावर नाव वेगळं, रंग वेगळा, आजोबा दोन्ही घेतात. चार दिवसांनी चक्कर येऊन पडतात, परत वॉर्डात. आपल्याकडे एकाच औषधाची कितीतरी नावं, घरच्यांनी ओळखायचं कसं? त्यात मेडिकलवाला पाचच गोळ्या द्यायच्या म्हणून स्ट्रिप कापतो, नाव आणि तारीख कापलेल्या भागावर राहून जाते, घरी उरतो नुसता चंदेरी तुकडा.

दुसरं म्हणजे डिस्चार्ज कार्ड. १-०-१ लिहिलं की आम्हाला कळतं सकाळ-संध्याकाळ, पण कित्येक नातेवाइकांना ते कोणी सांगतच नाही. एका बाईंनी मला ते वाचून 'एकशे एक दिवस घ्यायची का' असं विचारलं होतं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं हो, आम्ही सांगायला हवं होतं. बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), एसओएस (गरज पडली तरच) हे तर लांबच राहिलं.

तर माझं म्हणणं एवढंच की बेडवर उभं राहून नव्या औषधांचं बोललात आणि घरच्या डब्यात काय आहे ते विचारलंच नाहीत तर अर्धंच काम झालं. मी नातेवाइकांना सांगायचे, घरातली सगळी औषधं पिशवीत भरून डिस्चार्जच्या आदल्या दिवशी घेऊन या. मग बेडवर पसरून एकेक बाजूला काढायचे. बंद झालेल्या गोळ्या त्यांच्या डोळ्यांदेखत वेगळ्या बांधायच्या.

पेठकर
सिस्टर, साष्टांग नमस्कार. आईच्या डब्यात आत्ता जाऊन बघितलं, अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल तीन वेगवेगळ्या कंपन्यांची निघाली. ती तिन्ही रोज घेते का विचारलं तर म्हणाली "डॉक्टरांनी दिल्यात म्हणजे घ्यायच्याच ना". उद्या फॅमिली डॉक्टरकडे डबा घेऊनच जातो.

न्यूजर्सीकर_दादा
इथे आई-बाबा भेटीला येतात तेव्हाही हाच प्रकार. भारतातून सहा महिन्यांची औषधं घेऊन येतात, इथे काही झालं की इथली औषधं वेगळ्या नावाने मिळतात. पॅरासिटामॉलला इथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइडला ग्लायब्युराइड. सासूबाई तापाला दोन्ही घेत होत्या, वेगळी औषधं समजून. सावलीताई, अशा पेशंटची पिशवी देताना भारतातून काय आणलंय हे विचारता का?

सावली_ओहायो
विचारतो, म्हणजे मी तरी विचारते, मराठी-हिंदी नाव दिसलं की मुद्दाम. पण फॉर्मवर तसा रकाना नाही, ज्याला सुचेल तो विचारतो. लिहून घेतलं.

लंडनचा_गणपत
इंग्लंडमधली गोष्ट सांगतो. इथे घरी न्यायच्या औषधांना टीटीओ म्हणतात, टू टेक आऊट, आणि ती हॉस्पिटलच देतं, बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांची, पेशंटला पैसे पडत नाहीत. म्हणजे तुमचं मेड्स टू बेड्स इथे नेहमीचीच पद्धत आहे. तरी लोक परत येतातच! आणि इथली तक्रार उलटी आहे, सकाळी दहाला डॉक्टर म्हणतात घरी जा आणि दुपारी चारपर्यंत पेशंट कपडे घालून खुर्चीत बसलेला, कारण टीटीओ आलेलं नाही. बेड अडकतो, खाली इमर्जन्सीत कोणीतरी ट्रॉलीवर पडून असतं.
फेब्रुवारी २०२१ पासून इंग्लंडमध्ये आणखी एक सुरू केलं, हॉस्पिटल तुमच्या गल्लीतल्या फार्मसीला निरोप पाठवतं की अमुक पेशंट घरी आलाय, ही औषधं बदलली. फार्मसीवाला जुन्या प्रिस्क्रिप्शनशी ताडून बघतो, पुढची औषधं देताना पेशंटशी बोलतो. मला हे जास्त पटतं, कारण हॉस्पिटलचा माणूस परत भेटणार नसतो, गल्लीतला भेटतो.

कट्ट्यावरचा_अण्णा
गणपतराव, चारपर्यंत म्हणजे लवकरच की! आमच्याकडे डिस्चार्ज म्हटलं की सकाळी राउंडला डॉक्टर 'आज सोडूया' म्हणतात तिथपासून कॅशलेसची मंजुरी येईपर्यंत खालच्या कँटीनमध्ये दोनदा जेवण होतं. २०२४ मध्ये विमा नियामकाने सांगितलंय की डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्या. सुधारणा आहे, पण या गडबडीत औषधं समजावायला कोणाला वेळ? बिल भरलं की फाइल हातात, औषधांची पिशवी वर, सगळे लिफ्टकडे.
आणि एक, खालच्याच मेडिकलमधून घ्या ही सक्ती. हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, २०२५ मध्ये कोर्टाने धोरण ठरवायचं काम राज्यांवर सोपवलं. सावलीताई, तुमच्याकडेही शेवटी औषधं हॉस्पिटलच्याच फार्मसीची जातात ना? मग यात धंदा नाही असं कसं म्हणता येईल?

सावली_ओहायो
अण्णा, धंदा आहे, लपवण्यात अर्थ नाही. काही हॉस्पिटलांना १९९२ च्या कायद्यातून आलेल्या ३४०बी योजनेत औषधं खूप स्वस्त मिळतात आणि इन्शुरन्सकडून नेहमीच्या दराने पैसे येतात, फरक हॉस्पिटलकडे राहतो. म्हणून तर काही व्यवस्थापनांना पिशवी हवी असते आणि पगार खाणारा फार्मसिस्ट नको असतो. पेशंटला 'तुमच्या नेहमीच्या फार्मसीतून घेतली तरी चालेल' हे सांगितलंच पाहिजे, आम्ही अ‍ॅडमिट होतानाच विचारून ठेवतो.

यातला दुसरा खड्डा कोणी बोललं नाही म्हणून मीच सांगते. पहिल्या महिन्याची औषधं आमच्याकडून जातात, पुढचे रिफिल (त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुढे मिळणारी औषधं) आमच्याच फार्मसीत पडून राहतात, पेशंट राहतो तासभर लांब. महिना संपला की तो गावातल्या फार्मसीत जातो, ते म्हणतात आमच्याकडे काही नाही. आणि गोळ्या बंद. हे ३० दिवसांच्या आकड्यात दिसतच नाही, कारण तोपर्यंत मोजायची मुदत संपलेली असते.

रानवाटेचा_डॉक्टर
मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयात काम करतो. सावली मॅडमनी महिना संपल्यावरचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं धरलेली आहेत. चांगली तरतूद आहे, मोठ्या शहरात अँजिओप्लास्टी होऊन आलेला शेतकरी पिशवी घेऊन गावी येतो. सोळाव्या दिवशी काय? त्याला वाटतं कोर्स संपला. आपल्याकडे औषधाचा कोर्स असतो ही समजूत अँटिबायोटिकमुळे पक्की बसलीय, आणि छातीत दुखायचं तर थांबलेलंच असतं. परवडत नाही म्हणून बंद करणारे आहेतच, पण 'संपलं म्हणून थांबवलं' असं सांगणारे मला जास्त भेटतात. आमच्याकडे अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलचं अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन फुकट मिळतं हे त्याला शहरात कोणी सांगितलेलंच नसतं.
तर माझ्या मते डिस्चार्जच्या वेळी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुठलं असेल तर 'ही पिशवी संपली की पुढची कुठून घ्यायची'. आमच्या भागात बेडपाशी पेशंट मान डोलावतो, त्याचं लक्ष एसटीच्या वेळेकडे असतं. घरातली जी बाई गोळ्या देणार आहे तिच्याशी बोला. ती बऱ्याचदा हॉस्पिटलात आलेलीच नसते, फोन लावून बोला.

आकडेमोड
डॉक्टरसाहेब, फार महत्त्वाचं लिहिलंत. माझ्या आधीच्या पोस्टमुळे गैरसमज नको म्हणून दुसरी बाजूही लिहितो. बॉस्टनमध्येच २००९ मध्ये प्रोजेक्ट रेड नावाची चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकून, ७४९ पेशंट. त्यात एक नर्स डिस्चार्जची सगळी जुळवाजुळव करायची, पेशंटला त्याच्यासाठी बनवलेली सोपी पुस्तिका द्यायची, पुढची अपॉइंटमेंट ठरवून द्यायची आणि दोन ते चार दिवसांनी फार्मसिस्ट घरी फोन करायचा. परत अ‍ॅडमिट होणं आणि इमर्जन्सीत येणं मिळून ३० टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे एकटी गोष्ट कमी पडते, तीन-चार एकत्र बांधल्या तर आकडा हलू शकतो.

आणि सावली, तुमच्या व्यवस्थापनाला हेही दाखवा. २०१६ मध्ये १२ मोठ्या हॉस्पिटलांतल्या १००० रीअ‍ॅडमिशन तपासल्या, त्यातल्या साधारण २७ टक्केच टाळता आल्या असत्या असा निष्कर्ष निघाला. बाकीच्या टाळण्यासारख्या वाटल्या नाहीत. त्या २७ मधला औषधांचा वाटा आणखी कमी. मग एका हॉस्पिटलच्या एका वर्षाच्या आकड्यात तुमचं काम दिसणार कसं? पेशंटची संख्याच पुरणार नाही. 'आकडा हलला नाही' यावरून 'उपयोग नाही' असं म्हणता येत नाही, आणि 'उपयोग आहे' असंही नाही.

पेठकर
मग मोजायचं काय?

लंडनचा_गणपत
पेठकर +१. आणि परत न येणं हे नेहमी चांगलंच असतं का? जो देवाघरी गेला तोही परत येत नाही.

आकडेमोड
@गणपत, बरोबर जागी बोट ठेवलंत. २०१८ मध्ये नेमका हाच अभ्यास आला. दंडाची योजना आल्यानंतर हार्ट फेल्युअर आणि न्यूमोनियाच्या पेशंटमध्ये डिस्चार्जनंतर ३० दिवसांतले मृत्यू वाढलेले दिसले. दंडामुळेच वाढले का यावर वाद आहे, पण ज्याला अ‍ॅडमिट करायला हवं त्यालाही घरी पाठवलं जात असेल ही शंका त्यातून येते.
@पेठकर, मोजायला सोप्या गोष्टी आहेत. किती जण औषध हातात घेऊन निघाले. तिसऱ्या दिवशी फोन केल्यावर किती जण खरंच लिहिल्याप्रमाणे घेत होते. पहिला रिफिल किती जणांनी वेळेवर उचलला. आणि काही बंद करायचंच असेल तर सगळ्या मजल्यांवर एकदम करू नका, चिठ्ठ्या टाकून एकेका मजल्यावर क्रमाने करा, म्हणजे तुलना तरी प्रामाणिक होईल.

चहा_बिस्किट
मी फार्मसीवाली नाही, पण बाबांना हार्ट फेल्युअर आहे. दोनदा परत अ‍ॅडमिट केलं, दोन्ही वेळा औषधं घरात होती, घेत होते. पाय सुजत होते तेव्हा फोन कोणाला करायचा हे माहीत नव्हतं. रोज सकाळी वजन करा, दोन दिवसांत किलो-दीड किलो वाढलं तर कळवा, हे आम्हाला दुसऱ्या वेळी एका तरुण डॉक्टर मुलीने सांगितलं. तेव्हापासून वजनकाटा बाथरूमबाहेर आहे आणि वहीत रोज नोंद. तिने ते पहिल्याच वेळी कोणीतरी सांगायला हवं होतं असंही म्हटलं. आकड्यांचं मला कळत नाही, पण सावलीताई, तो बोलणारा माणूस काढू देऊ नका.

सावली_ओहायो
सगळ्यांचे मनापासून आभार, अक्षरशः वही घेऊन बसले होते. मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे. मी असं मांडणार आहे: पिशवी सगळ्यांना टेक्निशियन नेऊन देईल, मला चालेल. फार्मसिस्ट मात्र ठरावीक पेशंटकडे जायलाच हवा, रक्त पातळ करणारी औषधं, इन्सुलिन, हार्ट फेल्युअर, आणि ज्यांची पाचपेक्षा जास्त औषधं बदलली आहेत ते. तिसऱ्या दिवशी फोन. निघायच्या आधी रिफिल घराजवळच्या फार्मसीकडे वळवून टाकायचे. आणि मोजायचं ते आकडेमोड यांनी सांगितलं तसं. फार्मसिस्ट ठरावीक जणांकडेच गेल्याने वेळ वाचतो हे दाखवता येईल, कारण आत्ता आम्ही साध्या अँटिबायोटिकवाल्यालाही पंधरा मिनिटं देतो.
एक प्रश्न सिस्टरना. फोनवर घरचा डबा दिसत नाही, मग विचारायचं कसं?

निवृत्त_सिस्टर
'औषधं घेताय ना?' असं कधीच विचारू नकोस बाळ, सगळे हो म्हणतात. 'डबा जवळ घेऊन बसा, आज सकाळी कुठल्या गोळ्या घेतल्या त्यांच्या पाकिटावरचं नाव वाचून दाखवा' असं म्हण. वाचता येत नसेल तर नातवाला फोन द्यायला सांग. आणि शेवटी विचार, 'अजून कुठल्या डब्यात, पर्समध्ये, देवघरात काही ठेवलंय का?' देवघरात हमखास सापडतात.

सावली_ओहायो
ओहायोत देवघराऐवजी मायक्रोवेव्हच्या वरची जागा म्हणावं लागेल, तिथे असतात! फोनच्या फॉर्मवर हेच प्रश्न टाकते, भारतातून आणलेल्या औषधांच्या रकान्यासकट. मीटिंगमध्ये काय ठरतं ते याच धाग्यावर कळवते.

पेठकर
सिस्टर, आईसाठी सकाळ-दुपार-रात्रीचा एक मराठी तक्ता बनवतोय, फॅमिली डॉक्टरांनी तीनातली एकच पॅन्टोप्रॅझोल ठेवली. मोठ्या अक्षरात छापून इथे टाकू का, कोणाला हवा असेल तर?

रानवाटेचा_डॉक्टर
टाका, लगेच टाका. आणि खाली एक ओळ जास्तीची सोडा, 'ही औषधं संपल्यावर कुठून घ्यायची' म्हणून. आमच्या ओपीडीत लावतो.